जळक्या उतारावरची फुलं

एवान्थियाचे सगळे पाहुणे जळक्या उतारावर पालथे पडले होते. कुणी हॉलंडचे, कुणी इंग्लंडचे. नाकासमोर कॅमेरा आणि कॅमेऱ्यासमोर नारिंगी रानट्यूलिप.

"माझ्या चर्चमध्ये कुणी इतकं वाकत नाही," पापा सोफ्रोनीस म्हणाले. "आणि हे लोक कांद्याच्या फुलाला लोटांगण घालतायत."

"घालू द्या, पापा," सरपंच आरिस्तीदिस म्हणाला. "उठले की भूक लागते. गावाला तेवढंच पुरे."

एवान्थिया काळ्या कपड्यांत, हातात ताट घेऊन उभी होती. ताटात मृताच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. तिच्या नवऱ्याला, थिमिओसला जाऊन नऊ महिने झाले होते. नवव्या महिन्याची प्रार्थना तो सापडला त्याच जागी व्हावी, असा तिचा हट्ट होता. पाहुण्यांनाही तीच वर घेऊन आली होती. आजवर हे काम थिमिओसचं.

एके काळी वसंतात त्यांच्या घरच्या भाड्याच्या सगळ्या खोल्या फुलं बघायला येणाऱ्यांनी भरायच्या. मग गावातली बकऱ्या पाळणारी माणसं कमी झाली. उतारावर पाइन आणि काटेरी झुडपं माजली. सावलीत ट्यूलिपचे कांदे नुसती पानं काढायचे, फूल नाही. गेल्या वसंतात एकच जोडपं आलं आणि दिवसभर पत्ते खेळून गेलं. थिमिओसने खोल्या बंद करून लेकीकडे अथेन्सला राहायला जायचं ठरवलं. एवान्थिया म्हणाली, "तिथे काय, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालत मरायचं?" पण गाद्या तिनेच गुंडाळल्या.

ऑगस्टमध्ये आग लागली. थिमिओस विझवायला धावला. दुपारी वारा फिरला. संध्याकाळी त्याला खाली आणलं.

हिवाळ्यात पाऊस चांगला झाला, आणि वसंतात त्या काळ्या राखेतून असा बहर आला की गावातल्या म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. ट्यूलिप, निळे रानकांदे, मधमाशीसारखी दिसणारी ऑर्किडं. खोल्या पुन्हा भरल्या. गावातले लोक हळहळत आणि पाहुण्यांसाठी बिछाने घालत.

आग पांतेलिसने लावली, यावर गावाचं एकमत होतं. तो म्हातारा धनगर. धनगर कोवळ्या गवतासाठी रान जाळतात, हे जगाला माहीत. शिवाय त्याच्या बकऱ्यांनी ट्यूलिप खाल्ले म्हणून थिमिओसशी त्याचं भांडण झालेलं. पुरावा नाही म्हणून पोलिसांनी त्याला सोडलं. गावाला पुराव्याची गरज नव्हती. कॉफीच्या दुकानात त्याला खुर्ची मिळेना.

आज प्रार्थनेनंतर निकाल होता. एवान्थियाने सगळ्यांसमोर नुसतं "यानेच लावली" म्हणायचं. मग पांतेलिसचा बकऱ्यांचा गोठा मोडायचा आणि बकऱ्यांसकट त्याला डोंगराखाली घालवायचं. खाली त्याचं कुणी नव्हतं.

पांतेलिस आला. टोपी हातात धरून लांब उभा राहिला.

"आला बघा," मागून सरपंचाचा मेहुणा म्हणाला. "काही जळायचं राहिलंय का ते बघायला!"

"गप्प!" पापा ओरडले आणि प्रार्थनेला लागले. पाहुणेही उठून, गुडघ्यांची राख झटकत उभे राहिले.

प्रार्थना संपली. सरपंचाने घसा खाकरला. "एवान्थिया, तुझं दुःख ते आमचं दुःख. तू शब्द टाक. बाकीचं आम्ही बघतो."

तिने पांतेलिसकडे पाहिलं.

"याने लावली नाही."

"अगं, नीट विचार कर—"

"नऊ महिने तेवढंच करतेय. याने लावली नाही. माझ्या नवऱ्याच्या मरणाला याचं नाव पुन्हा कुणी जोडलं, तर त्याने माझ्या दारात यायचं नाही. आरिस्तीदिस, तुझा मेहुणासुद्धा."

मेहुणा खाली बघू लागला.

पापांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "असं मन देव सगळ्यांना देत नाही," ते हळूच म्हणाले. "मलाही दिलेलं नाही."

बायका डोळे पुसू लागल्या. सरपंच स्वतः मूठभर गहू घेऊन पांतेलिसकडे गेला. "खा बाबा. आणि उद्या कॉफीला ये."

"खुर्ची घरून आणू का?" पांतेलिसने विचारलं. सरपंचाला हसावं की नाही ते कळेना.

गहू वाटून संपले, लोक उतरू लागले. पाहुणे पुन्हा पालथे झाले. पांतेलिस मात्र जाईना. गहू तसेच मुठीत होते.

"वहिनी, सगळे म्हणतायत तुम्ही मला माफ केलंत."

"म्हणू दे."

"पण माफ करायला मी काही केलंच नाही."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत? माझ्या बायकोला अजून खात्री नाही. रोज जेवायला वाढताना विचारते. मग तुम्ही एवढ्या ठामपणे कशा सांगता?"

एवान्थियाने रिकामं ताट फडक्यात गुंडाळलं. खालून एक डच बाई दोन्ही हात हलवून तिला बोलावत होती. आणखी एक ताटवा सापडला होता.

"तू लावली असतीस," ती म्हणाली, "तर आधी वारा बघितला असतास. मी बघितला नाही."