नगरसेवकाच्या दारात

म्हाताऱ्या उरिदियानं नगरसेवकाच्या दारावर मुसळ आपटलं. मागे अंगणात तिच्या बाजारातल्या बायका फतकल मारून त्याच्याच नावाची टवाळ गाणी गात होत्या. नायजेरियातल्या एनुगूत बायका पुरुषाच्या दारात अशाच बसतात, तो वठणीवर येईपर्यंत. नवा नियम मंजूर झाला तर खासगी जागेतली जुनी झाडंही वाचणार होती, बिल्डरनं विकत घेतलेल्या बाजारातलं उडालाचं फळझाडसुद्धा. मतदान आज होतं, आणि त्याच बिल्डरकडे जेवून आल्यापासून नगरसेवक इफेकांडू गुळमुळीत बोलत होता. “आई, एका झाडासाठी एवढा तमाशा?” तो खिडकीतून म्हणाला. “ज्याचं फळही आपण तोडत नाही, पडायची वाट बघतो, ते झाड तू तोडू देणार?” उरिदियानं विचारलं. “अहो, मत महापालिकेत द्यायचंय. जाऊ तर द्या!” “जा की!” तो गाडीत बसला. उरिदिया मागच्या सीटवर बसली, शेजारी आणखी तिघी कोंबल्या. “चल बाळा. तिथल्या खुर्च्या मऊ असतात म्हणे.”