यंदाची मोजणी

करकर आवाजानं सकाळची शांतता मोडली. बाबा पेन्सिलीला टोक काढत होते. उन्हाळा सरताना नदीवरचे करकोचे मोजून वहीत लिहायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मीही मोजायचे. उत्साहात एखादा वाढवला, की ते खोडायला लावायचे. "न दिसलेला पक्षी लिहायचा नाही, बये!" आता त्यांना दिसत नाही, म्हणून गच्चीवरून मी बघून सांगते, ते चाचपडत लिहितात. यंदा नदी आटली होती. दुर्बिणीतून नुसती वाळू दिसत होती. "बोल की गं! झोपलीस का?" पेन्सिल कागदावर टेकवून बाबा हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकवीस." "अगं, गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त!" त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात चार वर्षांची लेक टाचा उंचावून कठड्यावरून डोकावली. "आई, मला एकपण दिसत नाहीये. तू कुठले मोजलेस?"