सूर्यास्ताची परवानगी

न्यूमोनियातून उठलेल्या खिएमना ताम यांगच्या खाडीवर सूर्यास्ताचे फोटो काढायला जायचं होतं. अंगणातसुद्धा कानटोपीशिवाय न सोडणारी त्यांची बायको थोआ चक्क म्हणाली, "चला, मीही येते." तिथंच त्यांना शंका आली.

त्यांच्या ह्वे शहरात, मेल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायचा खांद्यापर्यंतचा फोटो माणसं जिवंतपणीच काढून ठेवतात. निम्म्या गल्लीचे खिएमनीच काढले होते. स्वतःचा मात्र त्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत टाळला होता.

"परवा डॉक्टरांनी तुला एकटीलाच आत बोलावलं. काय म्हणाले?" निघण्याआधी त्यांनी विचारलं.

"पेज वेळेवर द्या म्हणाले. प्या, गार होतेय."

खाडीचं पाणी तांबूस झालं. खिएमनी स्टँडवर कॅमेरा लावला आणि घसा खाकरला.

"सूर्य काय, रोजच बुडतो. उजेड चांगला आहे तोवर माझाच काढून टाकू, देव्हाऱ्यातला. बटण तू दाब."

थोआनं त्यांना दंडाला धरून पुन्हा कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि स्वतः समोर जाऊन बसली.


"तुमचे रिपोर्ट चांगले आहेत हो. आत बोलावलं होतं ते माझ्या रिपोर्टसाठी. काढा आता, खांद्यापर्यंत."