एकाच बाटलीचे दोन ग्लास

वकिलिणीनं दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली वाइन ओतली आणि बाटली गुपचूप काउंटरखाली सरकवली. वाइन चाखायला देणाऱ्या बाई नव्या पाहुण्यांकडे गेल्या होत्या. बल्लव आणि मालक खिडकीतून द्राक्षबाग बघत होते. तेवढ्यात तिचं काम झालं.

तिघं कॉलेजपासूनचे दोस्त. बल्लव एका हॉटेलात मुख्य आचारी होता. हे नाव दोस्तांनीच ठेवलेलं. मालकाची दोन हॉटेलं होती आणि तिसरं लवकरच उघडणार होतं. तिथलं स्वयंपाकघर बल्लवाकडे द्यायचं त्याच्या मनात होतं. आज सुट्टी, म्हणून तिघं वायनऱ्या हिंडायला निघाले होते. नव्या हॉटेलासाठी वाइनही निवडून होतील, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. मालकाला पित्ताचा त्रास, म्हणून गाडी त्याच्याकडे. हॉटेलांचा धनी आणि दिवसभर नुसतं पाणी पीत होता! वाइनच्या बाबतीत त्याची सगळी भिस्त बल्लवाच्या जिभेवर.

पहिल्या वायनरीत वकिलिणीनं एका वाइनला छान म्हटलं, तर बल्लव सगळ्यांसमोर म्हणाला, "वकिलाच्या जिभेला हाड नसतं हे ठाऊक होतं. चवही नसते हे आज कळलं." अनोळखी माणसंसुद्धा हसली. वर तीच वाइन त्यानं मालकाला घ्यायला लावली! कॉलेजपासून हे असंच चाललं होतं. गाढवाला गुळाची चव काय, हे तर त्याचं ठरलेलं वाक्य. एरवी ती सोडून द्यायची, पण आज तिला ते झोंबलं. एकदा तरी याची जिरवायची, असं तिनं गाडीतच ठरवून टाकलं.

"या, महाराज," तिनं हाक मारली. "ही एक आणि ही दुसरी. कुठली घ्यायची ते सांगा."

"आधी तू," बल्लव म्हणाला. सकाळपासून तो प्रत्येक ठिकाणी तिलाच पहिला घोट घ्यायला लावत होता. एवढी सभ्यता याच्यात कधी शिरली, याचं तिला नवल वाटलं होतं.

तिनं पहिल्या ग्लासातला घोट घेतला आणि डोळे मिटून मान डोलावली. दुसऱ्या घोटाला नाक मुरडलं, तोंड वाकडं केलं. नाटकात तिचा हात कोण धरणार? कोर्टात रोज तेच तर करायची.

बल्लवानं दोन्ही ग्लास फिरवले, हुंगले, घोट तोंडात घोळवले आणि चाखणाऱ्यांसाठी ठेवलेल्या भांड्यात थुंकले. अगदी देवपूजेला बसल्यासारखं चाललं होतं त्याचं. मग म्हणाला, "पहिली घे, मालक. मऊ आहे, पिकल्या फळासारखी. दुसरी नुसती आंबट. ती पाजलीस तर गिऱ्हाईक परत तोंड दाखवणार नाही."

वकिलिणीनं बाटली वर काढून काउंटरवर आपटली. "दोन्ही हीच! दोन्ही एकाच बाटलीतल्या!"

ती पोट धरून हसली. मालकही हसला. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"अरे, एकच वाइन तुला दोन वाटल्या?" त्यानं विचारलं.

"वाटल्या खऱ्या," बल्लव म्हणाला. तोही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

मालकानं गाडीची किल्ली हातात घेतली. "स्वयंपाकघराचं आपण नंतर बोलू. तशी काही घाई नाही." घाई होती, हे तिघांनाही माहीत होतं. बल्लव मान हलवून एकटाच बाहेर गेला.

आपण काय केलं ते वकिलिणीला आता कळलं. चार माणसांत हशा पिकवायला गेली आणि मित्राच्या पोटावर पाय देऊन बसली. ती त्याच्यामागे धावली. बल्लव वेलींच्या रांगेत पाठमोरा उभा होता.

"गंमत केली रे मी," ती म्हणाली. "मी समजावते त्याला. वाइनच्या बाबतीत भल्याभल्यांचं चुकतं."

"वाइनचं नाही गं." त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "मागच्या तापापासून मला वासच येत नाही. चवही जवळजवळ गेल्यात जमा. हळूहळू परत येईल म्हणतात डॉक्टर. तोवर हाताच्या सवयीवर निभावतोय. पण हे बाहेर फुटलं तर मला चुलीपाशी कोण उभं करील?"

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

"मग आज आलास कशाला?" तिनं कसंबसं विचारलं. "आणि सकाळी तर सगळं बरोबर सांगत होतास. पहिल्या वायनरीतल्या बाईसुद्धा हो म्हणाल्या."

"तू येणार होतीस म्हणून आलो. तुझी जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. उगाच का चिडवतो तुला?"

तिला मान वर करायची लाज वाटत होती.

"सकाळपासून मी वाइन चाखतच नव्हतो," बल्लव म्हणाला. "तुझं तोंड बघत होतो."