काडेपेटीचा ठेका

कार्निव्हलला चार महिने उरले असता, रिओ शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर, सांबा मंडळाच्या पटांगणात, रविवारी भर दुपारी मिरवणुकीच्या गाण्याची अंतिम निवड चालली होती.

सत्तरीच्या जुरेमाने उभी हयात गाणी रचण्यात आणि गाण्यात घालवली होती. रेडिओवर ती गाजली, परदेशी जहाजांवर गायली. पण तिच्या स्वतःच्या मंडळाने तिचे गाणे कार्निव्हलमध्ये कधीच मिरवले नव्हते. ही खंत घेऊन मरायचे नाही, असे ठरवूनच ती मंचावर चढली.

"जुरेमाबाई, गाणं गोड आहे हो," प्रतिस्पर्धी संगीतकार बेलार्मिनो खालून ओरडला, "पण पाळण्यापाशी म्हणा!"

पहिले कडवे संपते न संपते तोच ध्वनिक्षेपक मुका झाला. वादक थबकले. जुरेमाने झग्याच्या खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरला. वाद्य परवडत नसे त्या बालपणापासूनचे तिचे हे वाद्य. महिनाभर निवडीच्या फेऱ्यांतून ऐकलेले ध्रुपद पुढच्या रांगेने उचलले, मग पळ्या नाचवीत स्वयंपाकघरातल्या बायकांनी, मग साऱ्या पटांगणाने. जुरेमाला हसू आवरेना, पाय जमिनीवर ठरेनात. त्या कल्लोळातही एक आवाज सर्वांच्या वर चढला होता. तिने वाकून पाहिले, तर दोन्ही हात उंचावून बेलार्मिनो गात होता! गाणे संपले तरी त्याचे हात वरच राहिले.

"मी… चुका शोधत होतो," तो ओशाळून म्हणाला.

"सापडली एखादी?" मंडळाच्या वृद्ध अध्यक्षांनी विचारले.

"नाही."

"मग कार्निव्हलला हेच गाणं."