मर्यादा क्रमांक सतरा

"तुझं यंत्र हल्ली गुडघ्याचं विचारत नाही गं," चहा गाळता गाळता नाना म्हणाले. "आधी रोज संध्याकाळी विचारायचं. रुसलंय की काय माझ्यावर?"

पाच महिन्यांनी कराडला वडिलांकडे आलेल्या इरावतीनं हसतच सोबतयंत्राच्या सूचनांची यादी उघडली. सूचना तिनंच दिल्या होत्या: नानांना गोळ्या द्यायच्या, पाणी तापवायचं, गुडघा कसा आहे ते विचारून त्यांचं उत्तर तिला पाठवायचं. या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही तिच्याच गटानं बनवला होता. दर रविवारी तो सगळं नव्यानं उतरवून घ्यायचा.

गोळ्या होत्या, पाणी होतं. प्रश्न मात्र गाळला होता. कारण एवढंच लिहिलं होतं: मर्यादा क्रमांक सतरा.

कंपायलरच्या मर्यादांची पुस्तिका उघडायची गरज नव्हती. ते वाक्य तिच्याच हातचं होतं. 'ज्या कामाचं उत्तर सलग नव्वद दिवस कोणी वाचत नाही, ते निरुपयोगी समजून काढून टाकलं जातं.'

तिचे कान तापले.

"बिघडलंय का?" नानांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "नाही, नाना. तुमची उत्तरं मी उघडलीच नाहीत. म्हणून त्यानं विचारायचं सोडलं."

नानांनी कप तिच्यापुढे सरकवला. "फार मोठी नव्हतीच गं उत्तरं."

"आता सांगा ना. गुडघा कसा आहे?"

नाना सवयीनं यंत्राकडे वळून म्हणाले, "बरा आहे. तिला कळव, काळजी करू नको म्हणावं."