लाल दोरी

नवशिक्यांसाठीच्या त्या छोट्या चारचाकी, टू-स्ट्रोक क्वाड बाइकच्या पाठीमागे लाल दोरी लोंबायची. दोरी खेचली की इंजिन जागच्या जागी बंद! लेक टेकाड चढायला लागली की बाप दोरी धरून मागे धावायचा आणि निम्म्या चढावर धीर सुटून हमखास खेचायचा. आजही तेच झालं. निळ्या धुरातून लेक गाडी मागे घेत पायथ्याशी आली. “बाबा, दोरी दे.” “अगं, पडशील!” “पडले तर पडले!” तिनं त्याच्या मुठीतून दोरी सोडवली आणि स्वतःच्या मनगटाला घट्ट बांधली. “आता मी पडले तरच इंजिन बंद पडेल. तू घाबरलास म्हणून नाही.” दात-ओठ खात तिनं किक मारली. निम्म्या चढावर बाइक डगमगली. खाली उभ्या बापानं डोळे गच्च मिटले आणि सवयीनं मूठ खेचली. मूठ रिकामी होती. इंजिनचा आवाज टेकाडापलीकडून येत होता.